बारा सेकंद आणि मग अख्खी संध्याकाळ

परवाच्या रविवारी, म्हणजे ९ फेब्रुवारी २०२५ ला, सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, संपला तेव्हा आमच्या घरात दिवाळी होती. आमची टीम खेळतही नव्हती. आम्ही डेन्व्हरवाले, ब्रॉन्कोजची माणसं, पण तिकडे न्यू ऑर्लिन्सला हरत होते ते कॅन्सस सिटी चीफ्स, आणि चीफ्स म्हणजे आमच्याच डिव्हिजनमधले, दरवर्षी दोनदा गाठ पडणार म्हणजे पडणारच, आणि २०१५ पासून २०२३ पर्यंत त्यांनी आम्हाला सलग १६ वेळा हरवलंय, सोळा, त्यामुळे ते हरताना बघणं हा इथे जवळजवळ सणच असतो. त्यात ते सलग तिसरा कप घ्यायला आले होते, आजवर सलग तीन सुपर बोल कोणालाच जमलेले नाहीत. आणि फिलाडेल्फिया ईगल्सनी त्यांची हाफ टाइमपर्यंत २४-० अशी अवस्था केली. पहिल्या अर्ध्या मॅचमध्ये चीफ्सची एकूण प्रगती २३ यार्ड. अख्ख्या अर्ध्या मॅचमध्ये!

मुलगा आता १७ वर्षांचा आहे, तो आणि त्याचे मित्र सोफ्यावर उभे राहून ओरडत होते, ग्रुपवर फोटो टाकत होते, मीही हसत होते, खोटं कशाला बोलू. मग तिसऱ्या क्वार्टरमध्ये ३४-० झाले आणि कॅमेरा प्रेक्षकांवर गेला. लाल जर्सीतला एक माणूस नुसता बसला होता. चिडलेला नाही, रडत नाही, फोनकडे नाही, मैदानाकडे बघतोय पण बघत नाहीये. आणि मला एकदम पोटात कसंतरी झालं, कारण तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे, मी तो आमच्या शेजारच्या आजोबांच्या हॉलमध्ये ११ वर्षांपूर्वी बघितलाय. थोड्या फरकाने हरलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. हा वेगळाच.

शेवटी ४०-२२ झाले, पण तो २२ चा आकडा बघून फसू नका, त्यातले बरेचसे पॉइंट शेवटच्या तीन मिनिटातले, तेव्हा ईगल्सचे मेन प्लेयर बाहेर बसून एकमेकांना मिठ्या मारत होते.

तर २ फेब्रुवारी २०१४ बद्दल लिहायचं आहे. सुपर बोल ४८. सिॲटल सीहॉक्स ४३, डेन्व्हर ब्रॉन्कोज ८.

आम्ही डेन्व्हरजवळच्या अरोराला आलो २०११ मध्ये, नवऱ्याच्या नोकरीमुळे, मुलगा तेव्हा चार वर्षांचा. मिरजेहून पुणे, पुण्याहून थेट समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांहून वर, पहिला हिवाळा तर मी खिडकीतच काढला. अमेरिकन फुटबॉल म्हणजे मला हेल्मेट घातलेल्या माणसांची ढकलाढकली वाटायची. मग २०१२ च्या मार्चमध्ये पेटन मॅनिंग, पास टाकणारा क्वार्टरबॅक, डेन्व्हरला आला. मानेच्या ऑपरेशन्समुळे तो आदलं अख्खं वर्ष खेळला नव्हता, जुन्या टीमने सोडून दिला होता, वय जवळजवळ ३६, लोक म्हणायचे संपला, आणि तो आला आणि या शहराचा मूडच बदलला. शाळेत शुक्रवारी पोरं नारिंगी कपडे घालून जायची. दुकानात नारिंगी केक. माझ्या मुलाने मॅनिंगची १८ नंबरची जर्सी घेतली ती धुवायलाही द्यायचा नाही. आणि शेजारच्या आजोबांनी (मुलगा त्यांना आजोबाच म्हणतो, मराठीतच, आणि त्यांनाही ते फार आवडतं) आम्हाला एकेक करून सगळे नियम शिकवले, दर रविवारी, हातात कागद पेन्सिल घेऊन.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: ज्या टीमकडे बॉल आहे तिला चार संधी, चार संधीत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात की परत चार. त्याला फर्स्ट डाऊन म्हणतात. सरकत सरकत पलीकडच्या एंड झोनमध्ये पोचलात की टचडाऊन, सहा पॉइंट, वर किक मारून एक. बास, एवढ्यावर मॅच बघता येते.

२०१३ चा सीझन म्हणजे काय होता हे सांगायला मला शब्द पुरत नाहीत. मॅनिंगने पहिल्याच मॅचला सात टचडाऊन पास टाकले. सीझनभरात ५५ टाकले आणि ५,४७७ यार्ड, दोन्ही एनएफएलचे, म्हणजे इथल्या फुटबॉल लीगचे, रेकॉर्ड. टीमने ६०६ पॉइंट केले, त्याआधी कुठल्याच टीमने एका सीझनमध्ये सहाशे ओलांडले नव्हते. डल्लसला जाऊन ५१-४८ जिंकले. आणि समोर फायनलला कोण, तर सिॲटल, लीगमधला एक नंबरचा डिफेन्स, रिचर्ड शर्मन, अर्ल थॉमस, कॅम चॅन्सलर, ही मागची फळी म्हणजे भिंत. एक नंबरची बॅटिंग विरुद्ध एक नंबरची बॉलिंग असं मी अण्णांना मिरजेला फोनवर सांगितलेलं. जाणकार डेन्व्हरलाच थोडंसं वरचढ धरत होते. अटीतटीची होणार, शेवटच्या मिनिटापर्यंत जाणार, असंच सगळे म्हणत होते.

आजोबा एकटेच काही म्हणत नव्हते. त्यांनी याआधी डेन्व्हरच्या चार हरलेल्या फायनल बघितल्या होत्या. १९७८ ला डल्लसकडून २७-१०. १९८७ ला न्यूयॉर्क जायंट्सकडून ३९-२०. १९८८ ला वॉशिंग्टनविरुद्ध १०-० ने पुढे होते, आणि मग एकट्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये समोरच्यांनी ३५ पॉइंट केले, ४२-१०. आणि १९९० ला सॅन फ्रान्सिस्कोकडून ५५-१०, सुपर बोलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा फरक, आजही. मग १९९८ आणि १९९९ ला लागोपाठ दोन जिंकले, तेव्हाचा क्वार्टरबॅक जॉन एल्वेच्या शेवटच्या दोन सीझनमध्ये, आणि त्यांच्या हॉलमध्ये त्या दोन्ही मॅचचे पेपर फ्रेम करून लावलेत. पण ते बोलायचे ते त्या चारबद्दल.

त्या दिवशी त्यांच्याकडे आम्ही ११ माणसं. इथे मॅच साडेचारला सुरू होणार होती, भारतात सोमवार पहाटेचे पाच. आजींनी ग्रीन चिली केली होती, ती इथली खासियत, हिरव्या मिरचीचा रस्सा म्हणा, एरवी त्यात डुकराचं मांस असतं पण आमच्यासाठी वेगळं पातेलं बिनमांसाचं केलं होतं. मी साठ बटाटेवडे तळून नेले होते. त्या रश्श्यात वडा बुडवून खायचा, हे आमच्या दोन घरांचं सीझनभराचं ठरलेलं, मॅच सुरू व्हायच्या आत दहा-पंधरा वडे गेलेसुद्धा.

मॅच न्यू जर्सीत, उघड्या मैदानावर. आठवडाभर सगळीकडे थंडीचीच चर्चा की बर्फ पडला तर काय, पण त्या संध्याकाळी हवा छान होती, ९ अंश सेल्सिअसच्या आसपास, बर्फ पडला तो दुसऱ्या दिवशी. टॉससाठी जुने क्वार्टरबॅक जो नेमथ फरचा भलामोठा कोट घालून आले आणि त्यांनी नाणं सिॲटलच्या कॅप्टनने छापा की काटा सांगायच्या आधीच उडवलं, रेफरीने ते वरच्या वर पकडलं, आमच्याकडे हशा. तेवढंच आम्ही हसलो त्या दिवशी.

टॉस सिॲटलने जिंकला पण पहिल्यांदा बॉल आमच्याकडे आला. बॉल आमच्याच एंड झोनपासून १४ यार्डांवर. आता काय होतं, सेंटर नावाचा धिप्पाड गडी वाकून दोन पायांमधून बॉल मागे देतो, तो स्नॅप, आणि क्वार्टरबॅक तो घेतो. मॅनिंगची सवय अशी की तो शेवटच्या क्षणी पुढे येऊन हातवारे करून ओरडून प्लॅन बदलायचा, तीच त्याची खरी ताकद. तसाच तो पुढे चालत आला, काहीतरी सांगायला, आणि स्टेडियममध्ये एवढा गोंगाट, सिॲटलच्या लोकांचं ओरडणं तर जगप्रसिद्ध, की सेंटरला काही नीट ऐकू आलं नाही आणि त्याने बॉल सोडला. मॅनिंग अजून चालतोय. बॉल त्याच्या बाजूने सुसाट मागे, थेट एंड झोनमध्ये. आमच्याच माणसाने, नोशॉन मोरेनोने, धावत जाऊन त्यावर अंग टाकलं म्हणून टचडाऊन तरी वाचला, पण स्वतःच्या एंड झोनमध्ये अडकलात की तो सेफ्टी, समोरच्यांना दोन पॉइंट आणि वर बॉलही त्यांनाच.

१२ सेकंद झाले होते. सुपर बोलच्या इतिहासातला सगळ्यात लवकर झालेला स्कोर.

आमच्या हॉलमध्ये कोणी ओरडलं नाही. नवरा म्हणाला, होतं असं, दोनच पॉइंट आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी आजोबांकडे बघितलं तर त्यांनी हातातली प्लेट टेबलावर ठेवली होती.

आणि मग एकतर्फी मॅचमध्ये जे होतं ते सुरू झालं, म्हणजे समजूत घालणं. प्रत्येक स्कोरला एक वाक्य. ५-०, ८-० झाले, काय नाही रे, फील्ड गोलच मारतायत (किक मारून तीन-तीन पॉइंट), टचडाऊन कुठे झालाय. पहिल्या अख्ख्या क्वार्टरमध्ये आमचा एकही फर्स्ट डाऊन नाही, ज्या टीमने वर्षभर लीगला फोडून काढलं तिला दहा यार्ड जाता येईना. मग चॅन्सलरने मॅनिंगचा पास हवेत पकडला आणि त्यातून १५-० झाले, तरी आम्ही म्हणालो दोनच टचडाऊनचा मामला आहे. आणि मग मॅनिंग पास टाकतोय, टाकता टाकता त्याच्या हाताला धक्का, बॉल लोंबकळत वर, आणि माल्कम स्मिथ तो घेऊन ६९ यार्ड पळत सुटला. २२-०. त्याला कोणी अडवायलाच नव्हतं, तो एवढा आरामात पळत होता की तेच बघवत नव्हतं.

हाफ टाइम. पण आशा होती, आणि ती वेडी आशा नव्हती हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. याच सीझनमध्ये, नोव्हेंबरमध्ये, न्यू इंग्लंडला जाऊन आम्ही हाफ टाइमला २४-० ने पुढे होतो आणि ती मॅच ओव्हरटाइममध्ये ३४-३१ ने हरलो होतो. म्हणजे अर्ध्या वेळात चोवीस भरून निघतात हे आम्ही आमच्याच टीमवर भोगलेलं. मग २२ का नाही निघणार? तीन टचडाऊन आणि दोन-दोन पॉइंटची जोड (किकऐवजी परत एंड झोनमध्ये घुसलं तर एकाच्या जागी दोन), २४. मुलाने त्या कागदावर गणित मांडलं, सहा वर्षांचा होता, बोटं मोजून. टीव्हीवर ब्रूनो मार्स नाचत होता, कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे त्या कागदाभोवती.

तेवढ्यात अण्णांचा फोन. मिरजेत सकाळचे साडेसहा. काय झालं गं तुमच्या त्या मॅचचं? मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, म्हणजे झहीरची पहिली ओव्हर झाली म्हण की तुमची.

काय अचूक बोलले. २३ मार्च २००३, रविवार, जोहान्सबर्ग, क्रिकेटची वर्ल्ड कप फायनल. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, वाड्यातली वीसेक माणसं आमच्या टीव्हीसमोर, आजी पाटावर जप करत बसलेली, आणि झहीर खानच्या पहिल्या ओव्हरमध्ये नोबॉल वाइड सगळं मिळून १५ रन गेले. सगळे म्हणाले, होतं असं, एकच ओव्हर आहे. तंतोतंत तेच वाक्य. ऑस्ट्रेलिया २ बाद ३५९, पाँटिंग नाबाद १४०, मार्टिन नाबाद ८८. मग सचिन पहिल्याच ओव्हरमध्ये ४ वर आउट आणि वाड्यात जी शांतता पसरली ती मला अजून ऐकू येते. सेहवागने ८२ मारले, मधे पाऊस आला तेव्हा आम्ही सगळे देवाला हात जोडून की पडू दे, धुऊन जाऊ दे, म्हणजे उद्या पहिल्यापासून खेळतील. पाऊस थांबला. १२५ रननी हरलो.

आणि नंतर ती अफवा, तुमच्यापैकी जे तेव्हा शाळेत होते त्यांना आठवत असणारच, की पाँटिंगच्या बॅटमध्ये स्प्रिंग होती, सापडली म्हणे, आता फायनल परत होणार. माझा धाकटा भाऊ सातवीत होता, तो आठवडाभर रोज पेपर चाळायचा तारीख आलीय का बघायला. मला तेव्हा त्याचा राग यायचा. आता कळतं की एवढं मोठं हरणं कुठे ठेवायचं हे त्या पोराला कळत नव्हतं, आणि अख्ख्या देशातल्या पोरांना कळत नव्हतं, म्हणून ती स्प्रिंग. तुम्ही म्हणाल टॉस होताच की, गांगुलीने जिंकून फिल्डिंग घेतली, अण्णा अजून तेच म्हणतात, बॅटिंग घ्यायला हवी होती. पण म्हणता म्हणता त्यांचाच आवाज उतरतो, कारण १२५ रन टॉसमध्ये बसत नाहीत हे त्यांनाही माहितीये.

फोन ठेवला. दुसरा हाफ सुरू. सिॲटलला किक घ्यायची होती, पर्सी हार्विनने बॉल घेतला, जो दुखापतींमुळे वर्षभर जवळपास खेळलाच नव्हता, आणि तो ८७ यार्ड धावला, मधे कोणाचा हातही नीट लागला नाही. २९-०. किती सेकंद झाले होते? पुन्हा १२. मुलाच्या हातात गणिताचा कागद तसाच.

त्यानंतर कोणी वाक्य बोललं नाही. समजूत घालायची वाक्यं संपली होती. थोड्या वेळाने ३६-०. घरात कोणीतरी चॅनल बदलू का म्हणालं, एक जोडपं मुलांची शाळा आहे म्हणून उठून गेलं, ट्रेमध्ये चाळीसेक वडे थंड होऊन पडलेले, आजी ते परत गरम करायला घेऊन गेल्या आणि स्वयंपाकघरातच थांबल्या. आजोबा मात्र हलले नाहीत. मी हळूच विचारलं, बंद करूया का? ते म्हणाले नाही, आपली मुलं अजून मैदानात आहेत.

आणि माझ्या मुलाने काय केलं तर तो कागद उलटा केला आणि डिमेरियस थॉमसचे कॅच मोजायला लागला. आमचा रिसीव्हर, ८८ नंबर. बाकी सगळं कोसळत होतं आणि हा माणूस पुन्हा पुन्हा मधोमध पळत जाऊन, मार खाऊन, बॉल पकडत होता. त्याच्या हातून एकदा बॉल सुटलाही, त्यातूनच ते ३६ झालेले, पण तो पुढच्या खेपेला परत तिथेच. तिसऱ्या क्वार्टरच्या अगदी शेवटच्या खेळात मॅनिंगने त्याला १४ यार्डांवरून टचडाऊन पास टाकला, वर दोन पॉइंट, ३६-८. त्या आठ पॉइंटला आमच्या हॉलमध्ये जो आवाज झाला ना, जिंकल्यावरसुद्धा कधी एवढा झाला नाही. सगळे उभे. आजोबांनी मुलाला उचलून घेतलं. हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही, २८ ने मागे असताना कसला आनंद, पण तो आनंद होता, अगदी खरा, आणि त्याचा निकालाशी काही संबंध नव्हता.

शेवटी ४३-८. मुलाच्या कागदावर रेघा तेरा. तो सुपर बोलचा तेव्हाचा रेकॉर्ड निघाला, एका मॅचमध्ये १३ कॅच. आणि मॅनिंगचे ३४ पूर्ण पास, तोही तेव्हाचा रेकॉर्ड, एवढं करून ४३-८.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच शब्द, लाजिरवाणं. मॅच संपल्यावर मॅनिंगला कोणीतरी तोच शब्द वापरून विचारलं, आणि एरवी अतिशय मोजून बोलणारा तो माणूस ठामपणे म्हणाला की हा शब्द मी कधीच वापरणार नाही, तो अपमानास्पद शब्द आहे. मला ते फार लागलं. बरोबर बोलला. ज्यांनी सहा महिने आम्हाला दर रविवारी जगण्याला कारण दिलं त्यांच्याबद्दल एका संध्याकाळमुळे असं बोलायचं? चॅम्प बेली नावाचा आमचा कॉर्नरबॅक, डिफेन्सच्या मागच्या फळीतला, १५ वर्षं एनएफएलमध्ये खेळून पहिल्यांदा सुपर बोलला पोचलेला, ती त्याची पहिली आणि शेवटची फायनल. महिनाभराने त्याला टीमने मोकळं केलं. त्याच्या आयुष्यातल्या त्या दिवसाला मी लाजिरवाणं म्हणू? नाही म्हणणार.

आणि बोअरिंग मॅच, हेही ऐकलं. त्या मॅचला अमेरिकेत ११ कोटींहून जास्त लोक बसले होते, टीव्हीच्या इतिहासातला इथला तेव्हाचा सगळ्यात मोठा आकडा. त्रयस्थ माणसाला बोअर झालं असेल, मान्य. पण सिॲटलच्या लोकांना विचारा, त्यांनी जिंकलेला हा पहिला सुपर बोल होता, २००६ ला एक हरले होते, त्यांची बास्केटबॉलची टीम २००८ ला शहर सोडून गेली होती, त्यांना ४३-८ मधला एकेक पॉइंट गोड लागला असणार. बुधवारी त्यांची मिरवणूक निघाली तर कडाक्याच्या थंडीत लाखो माणसं रस्त्यावर. माझी कॉलेजची एक मैत्रीण सिॲटलजवळ रेडमंडला राहते, ती मुलीला खांद्यावर घेऊन तिथे उभी होती, तिने फोटो पाठवला. मी तिला अभिनंदन लिहिलं आणि मनापासून लिहिलं.

एक गोष्ट मला कळायला वर्ष गेलं. त्याच्या आदल्या सीझनला, जानेवारी २०१३ मध्ये, डेन्व्हर बाल्टिमोरकडून प्लेऑफमध्ये हरलं होतं, ३८-३५, दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये. शेवटची ३१ सेकंद उरली असताना आमच्या मागच्या फळीतल्या एका गड्याचा उडीचा अंदाज चुकला आणि ७० यार्डांचा टचडाऊन झाला. ती मॅच इथले लोक अजून खेळतात. न्हाव्याकडे, गॅरेजमध्ये, कुठेही, जर तो अर्धा सेकंद थांबला असता तर. आजोबा तर झोपेतसुद्धा ती उडी बघत असतील. आणि ४३-८? ती कोणी काढतच नाही. तिच्यात जर-तर नाहीच, कुठला एक क्षण बदलला असता म्हणजे ३५ पॉइंट भरले असते? पहिला स्नॅप नीट झाला असता तर ४१-८. त्यामुळे राग धरायला कोणी नाही, रात्री उठून परत परत बघायला काही नाही. त्या संध्याकाळी ते असह्य होतं, कारण राग असता तर निदान ओरडलो तरी असतो. पण नंतर ते उलट सोपं गेलं. सिॲटलचं बघा ना, बरोबर वर्षाने, १ फेब्रुवारी २०१५ ला, ते परत फायनलला आणि अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरलेला, एंड झोन एका यार्डावर, मार्शॉन लिंचसारखा बैल हाताशी असताना पास टाकला आणि तो न्यू इंग्लंडच्या एका नवख्या पोराने पकडला. २८-२४. रेडमंडच्या मैत्रिणीकडे आजही तो विषय काढायचा नाही, तिच्या नवऱ्याचं जेवणावरून लक्ष उडतं.

आमचं काय झालं तर मार्चमध्ये टीमने बाजारात जाऊन डिफेन्स विकत आणला, डीमार्कस वेअर, अकीब तालिब, टी. जे. वॉर्ड, आणि ७ फेब्रुवारी २०१६ ला कॅरोलायनाला २४-१० ने हरवून सुपर बोल ५० जिंकला, तोही डिफेन्सच्या जोरावर. मॅनिंगचा हात तोवर थकला होता पण कप हातात घेऊन निवृत्त झाला. आजोबांच्या हॉलमध्ये तिसरी फ्रेम लागली.

डिमेरियस थॉमस त्या टीममध्ये होता. तो डिसेंबर २०२१ मध्ये गेला, जेमतेम ३३ वर्षांचा. बातमी आली त्या रात्री मुलगा, तेव्हा चौदा वर्षांचा, त्याच्या खोलीत गेला आणि कपाटातून तो कागद काढून घेऊन आला. मला माहीतही नव्हतं त्याने ठेवलाय. एका बाजूला २४ चं गणित, दुसऱ्या बाजूला १३ रेघा. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

म्हणून परवा रविवारी, ३४-० ला, मी उठून स्वयंपाकघरात गेले. मुलाला काही म्हणाले नाही, १७ वर्षांचा आहे, १६ मॅचचं उट्टं काढू दे त्याला.

सोमवारी ऑफिसला गेले तर आमच्या टीममध्ये एक जण आहे, मूळचा कॅन्ससचा, त्याच्या टेबलावर कोणीतरी ईगल्सच्या हिरव्या फिती लावून ठेवलेल्या. लोक येता जाता काहीतरी बोलत होते, अरे हल्लीच तीन कप मिळालेत की तुम्हाला, एवढं काय. तो हसत होता. मी त्याला म्हटलं चल, कॉफी. खाली जाऊन बसलो. मी त्याला तीन कपबिप काही म्हणाले नाही, मी फक्त विचारलं, कोणाबरोबर बघितलीस?

म्हणाला, मुलीबरोबर. आठ वर्षांची आहे. तिला पहिल्यांदाच एवढा वेळ जागं ठेवलं होतं, आणि ती तिसऱ्या क्वार्टरमध्ये जर्सी घालूनच झोपली.

आणि तू?

मी बघत बसलो. आवाज बंद केला, पण बघितली.

शेवटपर्यंत?

हो. मग कप फिरवत थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, तुमची ती सिॲटलची मॅच, तेव्हा तुझा मुलगा लहान असेल ना, त्याने काय केलं?

मी सांगितलं, कॅच मोजले. थॉमसचे.

किती होते?

तेरा.